ताळा जुळल्यानंतर

परीक्षा मंडळात सगळं बदललं, पण नियामकांना मिळणारा चहा काही बदलला नाही. २०४२ सालीही तो कोमट आणि गोडमिट्टच होता. त्याचा दुसरा घोट घेताना मला ती चूक पहिल्यांदा दिसली.

नियामक म्हणजे तपासणाऱ्यावरचा तपासणारा. परीक्षकांनी तपासलेल्या दहावीच्या उत्तरपत्रिकांतल्या काही पुन्हा बघायच्या आणि गुण बरोबर दिलेत की नाहीत ते ठरवायचं. पोरं उत्तरपत्रिका अजून कागदावरच लिहितात. गणितात नुसत्या उत्तराला गुण नसतात, पायऱ्यांना असतात, आणि पायऱ्या दिसतात त्या कागदावर, असं आमच्या मंडळाचं मत. माझंही तेच मत आहे, म्हणून तर सोळा वर्षं हा चहा पिते आहे.

प्रश्न अगदी साधा होता. एका सभागृहात पहिल्या रांगेत ७ खुर्च्या आहेत आणि पुढच्या प्रत्येक रांगेत आधीच्यापेक्षा ४ जास्त, तर अठराव्या रांगेत किती खुर्च्या? अंकगणिती श्रेढीचं सूत्र घालायचं, १७ गुणिले ४ म्हणजे ६८, त्यात ७ मिळवायचे, उत्तर ७५. या पोरानं सूत्र बरोबर लिहिलं होतं, किमती बरोबर घातल्या होत्या, आणि गुणाकाराच्या जागी ८६ लिहून उत्तर ९३ काढलं होतं. आकड्यांची अदलाबदल काही नवी नाही. अर्धा गुण कापला आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. तिच्यातही ९३ होतं.

संध्याकाळपर्यंत अशा एक्केचाळीस उत्तरपत्रिका निघाल्या. शनिवारपर्यंत आकडा दोनशे चौदावर गेला. सगळ्या माण-खटाव भागातल्या सहा केंद्रांवरच्या.

नुसतं तेवढंच असतं तर मी एवढी हलले नसते. प्रत्येक उत्तरपत्रिकेत उजव्या समासात, कच्च्या कामाच्या पट्टीत, एक फुली काढलेली होती आणि फुलीच्या चार घरांत चार आकडे होते. डावीकडे ८, उजवीकडे ४, वर ५, खाली ५. फुलीच्या खाली एक टिंब.

हा नवाचा ताळा. तरुण परीक्षकांना तो माहीत नव्हता, त्यांना ती काहीतरी खूण वाटली. संख्येतल्या आकड्यांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करत जायची. १७ चे ८, ४ चे ४, त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे ३२ चे, ५. आता आलेल्या उत्तराचे बघायचे. तेही ५ आले तर ताळा जुळला, गुणाकार बहुधा बरोबर. बहुधा अशासाठी, की ६८ चे पाच येतात तसे ८६ चेही पाचच येतात. आकडे उलटे पडले तर नवाचा ताळा बिचारा काही बोलत नाही, मान डोलावून पुढे जाऊ देतो.

अशी फुली काढणारं आणि ताळा जुळला की खाली टिंब देणारं एकच माणूस मला माहीत होतं. ते जाऊन चार वर्षं झाली होती.

*

आता सरावठशाबद्दल सांगायला हवं. आजची पोरं तो चष्म्यासारखा वापरतात, पण आमच्या वयाच्या माणसांना त्यात नक्की काय होतं हे ठाऊक नसतं.

एखादी क्रिया आपण पुन्हा पुन्हा करतो तेव्हा मेंदूतल्या ठरावीक पेशी ठरावीक क्रमानं चेतवल्या जातात. तो क्रम जितक्या वेळा घडेल तितकं त्या चेतातंतूंवरचं वेष्टण जाड होतं आणि संदेश वेगानं धावतो. हाच सराव. गाढ झोपेत मेंदू दिवसभरातले असे क्रम आपणहून पुन्हा चालवून बघतो, म्हणून तर रात्री झोपलेल्या पोराला सकाळी गणित सुचतं. सात-आठ वर्षांपूर्वी संशोधकांना दोन गोष्टी साधल्या. गणितं सोडवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर संवेदकांची टोपी घालून हे क्रम टिपणं, आणि झोपलेल्या मुलाच्या मेंदूत ते अगदी सौम्य चुंबकीय स्पंदनांनी पुन्हा चालवणं. मुलाला ज्ञान मिळत नाही. सूत्र काय, प्रमेय काय, ते वर्गात शिकावंच लागतं. पण शिकलेलं चाळीस वेळा घोटल्यावर हाताला जी सवय होते, ती दुसऱ्याची आयती मिळते.

सुरुवातीला दाते म्हणून त्यांनी प्राध्यापक बसवले. त्यांचा ठसा मुलांत रुजेचना. हुशार माणूस पायऱ्या गाळतो, त्याच्या डोक्यात गणित सुरू होतं आणि संपतं, मधलं काही टिपण्यासारखं उरत नाही. मग हे ठसे बनवणाऱ्या सरावठसा केंद्रानं जाहिरात दिली, की ज्यांना दहावीचं गणित कष्टानं, घोटून घोटून जमलं अशी माणसं हवीत. अशा अकरा जणांचे ठसे आज राज्यभर शाळांतून फुकट दिले जातात. नावं मोहोरबंद आहेत.

माझी आई त्या जाहिरातीला गेली होती, हे तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मी तेव्हा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेली.

"डोक्याला टोपी घालत्यात आन् गणितं सोडवायला लावत्यात," ती म्हणाली होती.

"चहा तरी बरा देतात का?" मी विचारलं.

"देत्यात की. बिस्किटंबी देत्यात."

तेवढ्यावर तो विषय संपला. मी पुढं एक शब्द विचारला नाही. आज त्या फोनची मला लाज वाटते.

*

आईचं नाव रत्नमाला फडतरे. वडूजला अंगणवाडीत ती मदतनीस होती. सेविका व्हायचं तर दहावी पास हवी, आणि तिची शाळा नववीत सुटलेली. २०१० साली मी दहावीत गेले त्याच जूनमध्ये तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. वडील दूध संघात होते. ते फक्त म्हणाले, "दोघी एकदमच नापास होऊ नका म्हणजे झालं."

बाकीचे विषय तिनं वाचून काढले, पण गणित काही वाचून होत नाही. त्यामुळे रोज चार ते सहा आम्ही अंगणवाडीच्या खोलीत गणितं सोडवायला बसायचो. पोरं घरी गेलेली असायची. खोलीत दुपारच्या खिचडीचा वास, भिंतीवर अननस आणि इमारतीची चित्रं, कोपऱ्यात पोरांना तोलायचा काटा. सतरंजीवर मी डावीकडे, आई माझ्या उजवीकडे, मध्ये अपेक्षित प्रश्नांचं एक पुस्तक दोघींत मिळून. तिचं पेन पुढं जायच्या आधी तिची जीभ चालायची. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट." जीभ अडुसष्ट म्हणायची, पहिल्यांदा आठ ऐकू यायचा, आणि हात आठ आधी लिहून मोकळा व्हायचा. मी शंभरदा तिला ते दाखवलं. "व्हय की गं," म्हणायची आणि पुढच्या गणितात पुन्हा ८६. ताळा तिला तिच्या वडिलांनी शिकवलेला, त्याच्यावर तिचा फार भरवसा. टिंब दिलं की विषय संपला.

त्या दोन तासांइतकं सुख मला पुढं कुठल्याही अभ्यासात मिळालं नाही. आज ठसा घेतलेली पोरं संध्याकाळी मोकळी असतात, मैदानावर असतात, त्यांचं चांगलंच आहे. पण एका पुस्तकात दोन डोकी घालून बसणं, एकीचं गणित अडलं की दुसरीनं पेनाची मागची बाजू चावत थांबणं, हे त्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि ते गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा टोचायची. प्रत्येक गणित झालं की आई मान वळवून माझ्याकडे बघायची. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. मग वर्गात चाचणीचे दिवस आले, कॉपी, बघून लिहिणं, हे शब्द कानांवर पडायला लागले, आणि एका संध्याकाळी माझ्या डोक्यात काहीतरी गेलं.

"आई, तू माझ्या वहीत बघून लिहितेस," मी म्हणाले.

मी माझं दप्तर उचललं आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभं केलं. मग तेवढ्यानं भागेना म्हणून वही आपटून घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पुस्तक घेऊन बसली होती. दप्तर परीक्षा होईपर्यंत मध्येच राहिलं. ती त्याच्यावरून मान उंच करून बघायची ते बघायचीच.

मला दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस मिळाले, तिला एकोणसाठ. ती सेविका झाली. पुढं वर्षानुवर्षं ती सतरा नंबरवाल्या बायकांना त्याच खोलीत गणितं शिकवायची, उजव्या टोकाला बसून. आणि माझा समज तसाच राहिला, की आईचा दहावीचा निकाल थोडासा माझ्या वहीतून आला होता. मी तो कुणाला सांगितला नाही. सोडूनही दिला नाही.

*

मुख्य नियामक ढाणे सर. तीस वर्षं परीक्षेच्या कामात घातलेला माणूस, सरळ आणि हट्टी. त्यांनी मला सोमवारी बोलावलं आणि भिंतीवरचा पडदा सुरू केला. परीक्षाकेंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण होतं.

"फडतरे मॅडम, हे बघा."

वर्गात पोरं लिहीत होती. एका मुलीनं पेन थांबवलं, मान डावीकडे वळवली, क्षणभर बघितलं, पुन्हा लिहायला लागली. मग तिच्या मागच्या मुलानं तेच केलं. दुसऱ्या केंद्रावर, तिसऱ्या केंद्रावर, तेच. पेन थांबायचं, मान डावीकडे वळायची, पुन्हा लिहिणं सुरू.

"दोनशे चौदा पोरं," ढाणे सर म्हणाले. "एकच चूक, समासात एकच खूण, आणि सगळी शेजाऱ्याच्या पेपरात बघतायत. सामूहिक कॉपीचं याहून स्वच्छ प्रकरण मी बघितलेलं नाही. निकाल राखून ठेवायचा. गुरुवारी सुनावणी, आणि पुढची दोन वर्षं परीक्षेला बंदी."

"सर, डावीकडच्या शेवटच्या रांगेतली मुलंही डावीकडेच बघतायत."

"मग?"

"तिकडे भिंत आहे."

त्यांनी चित्र थांबवून बघितलं. "भिंतीवर काही लिहिलेलं असेल," ते म्हणाले, पण आवाज थोडा खाली आला.

"ही सवय ठशातून आली असेल सर. चूकही."

"मी ठसा केंद्राला विचारलंय. त्यांचं लेखी उत्तर आहे. दात्यानं चुकवलेलं प्रत्येक गणित काढून टाकलंय, ठसा निर्दोष आहे. आणि मॅडम, ठसा हाताचा असतो. मानेचा असतो का?"

मी फक्त एवढंच सांगितलं, की तो दाता कोण हे मला माहीत आहे, आणि त्या दात्याची मी मुलगी आहे.

ढाणे सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हाला या प्रकरणात नियामक म्हणून बसता येणार नाही."

"नाही बसत. साक्षीदार म्हणून येते."

*

सरावठसा केंद्रात डॉ. नाझनीन मुल्ला भेटल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला नीटस. वारसानं मागितलं तर दात्याचं नाव उघड करता येतं, असा नियम होता. मी अर्जावर सही केली, त्यांनी मोहोर उघडली. दाता क्रमांक सहा, रत्नमाला फडतरे. माण-खटावच्या सगळ्या शाळांना सहावा ठसा गेला होता. आईचं गाव त्याच भागातलं, म्हणून तिथली बोली असलेला दाता त्यांनी निवडला होता.

"चुकीची गणितं आम्ही खरंच काढली होती," मुल्ला म्हणाल्या. "पण सवय गणितात नसते मॅडम, ती गणिताच्या खाली असते. पाढा म्हणत लिहिण्याची लय राहिली. एरवी ती दिसली नसती. सतरा चोक नेमकं पेपरात आलं आणि हात घसरला."

"आणि मान?"

त्यांनी जुनी नोंदवही काढली. दात्यांना टोपी चढवणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, की दाता प्रत्येक गणितानंतर डावीकडे पाहतात, तिकडे रिकामी खुर्ची आहे, कारण विचारलं तर हसल्या. "माणूस जे प्रत्येक वेळी, न चुकता करतो, ते आम्हाला क्रमातून कापून काढता येत नाही," मुल्ला म्हणाल्या. "पण त्या का बघायच्या, ते आम्हाला माहीत नाही."

मला माहीत होतं, किंवा तसं मला वाटत होतं. मी ते मुल्लांना सांगितलं नाही. सुनावणीत मी काय सांगणार होते? माझी आई शेजारच्या वहीत बघून लिहायची, ती सवय या पोरांना लागली? म्हणजे पोरांनी कॉपीच केली असं मीच सिद्ध करून दिलं असतं. आणि न बोलावं तर दोनशे चौदा पोरांची दोन वर्षं जाणार. माझी आई तर एका वर्षासाठी जिवाचं रान करून बसली होती.

बुधवारी मी वडूजला गेले. घर आता भावाकडे आहे. लोखंडी ट्रंकेत आईच्या सरावाच्या वह्या साडीच्या काठानं बांधून ठेवलेल्या सापडल्या. त्यात माझ्याही होत्या. तिनं दोघींच्या एकत्रच ठेवल्या होत्या. मी घाईत होते. आईची एक वही काढली, जिच्यात सतरा चोक तीनदा ८६ होतं आणि तिन्ही ठिकाणी फुली आणि टिंब होतं, आणि बाकीचा गठ्ठा तसाच पिशवीत टाकला.

*

सुनावणी विभागीय कार्यालयाच्या सभागृहात होती. मुलं आणि पालक बाहेर व्हरांड्यात बसले होते, एसटीनं पहाटे निघून आलेले. कुणाच्या डब्यातल्या चटणीचा वास येत होता.

मी वही समितीसमोर ठेवली. ढाणे सरांनी ती उलटसुलट बघितली, मग एका मुलीची उत्तरपत्रिका शेजारी ठेवून बघितली. फुली, टिंब, ८६. एकतीस वर्षांचं अंतर, आणि रीत एक.

"चूक ठशातली आहे, हे मान्य," ते म्हणाले. "ताळाही मान्य. मानेचं काय?"

मी आईची वही परत माझ्याकडे ओढली.

"मुलांनाच विचारू," ढाणे सर म्हणाले, आणि यादीतलं पहिलं नाव पुकारायला सांगितलं.

शिवन्या खरात आत आली. म्हसवडच्या शाळेतली, दोन वेण्या, हातात रुमाल. पडद्यावर तिचंच चित्रण लावलं होतं. तिनं स्वतःला बघितलं आणि रुमाल घट्ट धरला.

"घाबरू नको," ढाणे सर म्हणाले. "तू शेजारच्या मुलीकडं का बघत होतीस?"

"म्हाईत न्हाई सर."

"तिच्या पेपरात काय दिसलं तुला?"

"पेपर न्हाई बघितला. पेन बघितलं."

"पेन?"

"तिचं पेन चालू हाय का थांबलंय, ते." ती अडखळली. "माझं गणित झालं, ताळा जुळला, की मला वाटतं शेजारची मागं ऱ्हायली असंल. तिचं झालं का बघावं. झालं नसंल तर जरा थांबावं. मग पुढचं घ्यावं. असं का वाटतं म्हाईत न्हाई. घरीबी होतं. घरी तर शेजारी कुणीच नसतं."

सभागृहात पंखे फिरत होते. एकतीस वर्षं मी एक गोष्ट नक्की धरून चालले होते आणि म्हसवडच्या एका पोरीनं ती दोन वाक्यांत खोटी पाडली.

"सर, चित्रण पुन्हा लावा," मी म्हणाले. "हळू लावा. ती कधी बघते ते बघा."

लावलं. शिवन्यानं उत्तर लिहिलं. खाली रेघ मारली. समासात फुली काढली, चार आकडे भरले, टिंब दिलं. मग मान वळवली. दुसरा मुलगा. उत्तर, रेघ, फुली, टिंब, मग मान. तिसरा. भिंतीशेजारचा चौथा.

"टिंबाच्या आधी कुणीही बघितलेलं नाही," मी म्हणाले. "उत्तर लिहून, ताळा करून झाल्यावर कुणी कॉपी करतं का सर?"

ढाणे सरांनी आणखी बारा मुलांचं चित्रण स्वतः बघितलं. त्याला तासभर लागला. मग त्यांनी पाणी मागवलं आणि मला विचारलं, "तुमच्या आई कुणाकडं बघायच्या?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "मी मागं राहू नये म्हणून. आणि मला वाटायचं, ती बघून लिहिते. मी तिला तसं तोंडावर म्हणाले होते. तुम्ही या मुलांना आज जे म्हणताय, तेच."

ढाणे सरांनी समोरचा कागद ओढून त्यावर निकाल जाहीर करण्याचा शेरा लिहिला आणि सही केली. शिवन्याला म्हणाले, "जा बाळ, बाहेरच्यांना सांग." ती दारापर्यंत चालत गेली आणि पुढं पळाली. व्हरांड्यातला आवाज आत आला तेव्हा मी रडत होते, आणि कुणी मला थांबवलं नाही.

*

निघताना मुल्ला गाडीपर्यंत आल्या. सहावा ठसा या वर्षीपासून काढून घेणार होते. परीक्षेत थांबून शेजाऱ्याची वाट बघणं मुलांना परवडणारं नाही, आणि ते वेगळं कापता येत नाही. माझी संमती हवी होती.

"तुम्हाला वाईट वाटत असेल," त्या म्हणाल्या.

"वाटतंय," मी म्हणाले. "पण ज्यांना मिळालाय त्यांचा तर जाणार नाही?"

"वापरत राहिले तर राहील. काहींचा जन्मभर."

मी सही केली. दोनशे चौदाच काय, त्या भागातली हजारो पोरं आता गणित झालं की शेजारी वळून बघतील. कचेऱ्यांत, दुकानांत, कुठं कुठं. लोक त्यांना विचारतील आणि त्यांना सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी चहा केला, माझ्या पद्धतीचा, कडक. साडीचा काठ सोडला आणि वह्या टेबलावर मांडल्या. आईची एक, माझी एक, तारखा जुळवून. ३ जानेवारी, माझी शेवटची नोंद नववं गणित, आईचं नववं. ४ जानेवारी, माझं सहावं, तिचं सहावं. मला ताप होता त्या दिवशी माझी दोनच गणितं, तिचीही दोनच. पानं उलटत गेले तसं कळत गेलं. तिच्या ताळ्याची फुली कितीतरी ठिकाणी दोनदा गिरवलेली होती, टिंब दाट झालं होतं. ती माझ्या आधी संपवायची आणि पेन टेकवून थांबायची.

१४ फेब्रुवारी. दप्तर मध्ये ठेवलं तो दिवस. माझ्या वहीत चारच गणितं होती, चौथं अर्धं सोडून मी उठले होते. आईच्या वहीत चौथं पूर्ण होतं, ताळा जुळलेला. त्याच्या खाली तिनं पाचवा क्रमांक घातला होता आणि पुढं काही लिहिलेलं नव्हतं. क्रमांकाशेजारी पेनाची टिंबं होती, एकावर एक, कागद दबलेला. दुसऱ्या दिवसाची तारीख पुढच्या पानावर होती.

मी पेन घेतलं. माझ्या वहीतलं अर्धं राहिलेलं चौथं गणित पूर्ण केलं. समासात फुली काढली, चार घरं भरली, खाली टिंब दिलं. मग उजवीकडे मान वळवून मी म्हणाले, "झालं आई. घे पुढचं."